रेकॉर्ड रूममधला रस्सा

फोन आला तेव्हा मी गाजरं सोलत होते. रविवारची सकाळ होती आणि पलीकडे दिगंबरभाऊ होते, वत्सलाचे यजमान. वत्सला माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण, पण तिच्या नवऱ्याने मला आजवर एकदाही फोन केला नव्हता. त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच मी हातातलं गाजर खाली ठेवलं. "ताई, वत्सला पहाटे गेली," एवढंच ते म्हणाले. छातीत कळ आली, दवाखान्याकडे निघालेली गाडी सेलूपर्यंतही पोचली नाही... मी गाजरं पाण्यात टाकली, सुधाकरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं आणि आम्ही तिच्या गावी, केळझरला गेलो. त्याला आता दीड महिना झाला. रडायचं ते रडून झालं आहे. वत्सलाबद्दल लिहायला बसले तर पेन मात्र हसण्याकडेच जातं, आणि त्याला मी अडवणार नाही. ती स्वतः कुठलाही किस्सा सांगताना शेवटापर्यंत पोचायच्या आधीच हसून मोकळी व्हायची. शेवट आम्हाला दुसऱ्या दिवशी कळायचा.

वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात आम्ही दोघी लिपिक. टेबलं समोरासमोर. मी नालवाडीहून यायचे, ती रोज एसटीने केळझरहून. बुटकी, भरभर चालणारी, आणि हळू बोलणं जिला कधी जमलंच नाही अशी बाई. तिने कानात सांगितलेली गोष्ट आस्थापना शाखेपर्यंत ऐकू जायची. कामाला चोख होती. फाइल तिच्याकडे गेली की ती परत येणारच, आणि वेळेच्या आधी येणार. फक्त एका बाबतीत ती अडून बसली की मागे हटत नसे, आणि ती बाब म्हणजे तिची मुलगी प्राची.

प्राची अकरावीत गेली त्या वर्षाची गोष्ट. सेलूच्या कॉलेजातून पोरगी साडेचारला घरी यायची. दिगंबरभाऊ अंधार पडेस्तोवर शेतात, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि वत्सला घरी पोचायची साडेसहाला. म्हणजे घरात धडधाकट माणूस एकच, आणि ती प्राची. कुणी तिला स्वयंपाक कर असं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. साडेपाच वाजले की ती पुस्तक मिटायची, कांदा चिरायला घ्यायची, आणि जेवणं होऊन भांडी आवरेपर्यंत पुस्तक मिटलेलंच राहायचं. वत्सलाच्या लक्षात हे एका संध्याकाळी आलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती चक्क गप्प होती. मग म्हणाली, "माह्या बारावीले माही माय आजारी होती. नऊ माणसांचा सयपाक केला मी, अन् गणितात गेली. मले कोणी मारलं नाई, कोणी अडवलं नाई. फक्त संध्याकाळ झाली का म्या उठायचं, येवढंच ठरलं होतं." आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "पण माही पोट्टी नाई उठणार. दोन वर्षं नाई. काय वाट्टेल थे होवो."

आता हे बोलायला ठीक आहे. पण चार माणसांचं रात्रीचं जेवण कुणीतरी शिजवायलाच हवं. सकाळी करून ठेवलेली भाजी वैशाखात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सकाळच्या पोळ्या चालतात, भात दहा मिनिटांत होतो, पण पोळीभाताबरोबर कोरड्यास काय? या प्रश्नाचं उत्तर माझ्या माळ्यावर पडलेलं होतं. माझ्या भावजयीने पुण्याचं घर बदलताना एक स्लो कुकर माझ्या गळ्यात मारला होता. विजेवर चालणारा, आत जाड चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण आणि पुढे एक गोल बटण. सगळं कच्चंच आत घालायचं, बटण फिरवायचं आणि सहा तास विसरून जायचं. मी तो एकदाही वापरला नव्हता. वत्सलाने तो चहूबाजूंनी फिरवून पाहिला.

"याची शिट्टी होत नाई?"

"नाही."

"मंग झालं हे कळते कसं?"

"सहा तासांनी झालेलं असतं."

"बाप्पा! सहा तास नुसतं बसून राह्यचं अन् साडेपाचले काम झालेलं? हे तं आपल्या ऑफिससाठीच बनवलं आहे, मंदाताई."

तिथेच ठरलं. केळझरला दिवसा लाइनचा भरवसा नाही, आणि सासूबाई चालू विजेच्या वस्तूजवळ एकट्या बसायला तयार नव्हत्या. ऑफिसात मात्र वीज जात नसे. रेकॉर्ड रूममध्ये खिडकीखाली एक टेबल होतं, कधीकाळी तिथे झेरॉक्सचं यंत्र असायचं, त्याचा प्लग मोकळा होता. बुधवार आणि शुक्रवार कोंबडीचे, बाकीचे दिवस डाळ-भाजीचे. मंगळवारी तर प्रश्नच नव्हता, गणपतीचं गाव आहे केळझर. बुधवारी वत्सलाने येताना बसस्थानकाजवळून अर्धा किलो कोंबडी आणली, घरून मसाला लावायचं सामान आणलं होतंच, आणि साडेदहाला बटण फिरवून ती ऐटीत येऊन जागेवर बसली.

साडेपाचला झाकण उघडलं तर बटाटा टणक आणि कोंबडी गुलाबी. तशीच डब्यात भरून तिने घरी नेली, आणि प्राचीलाच गॅसपुढे तासभर उभं राहावं लागलं. शुक्रवारी तिने तुकडे लहान केले. तेच. पुढच्या बुधवारी उकळतं पाणी घातलं. तरी तेच, फक्त आता पाण्यात पोहणारं. गुरुवारी सकाळी तिने कुकर माझ्या टेबलावर आणून आदळला. "तुह्या भावजयीचं भूत तुले परत. ज्या कामातून पोट्टीले सोडवून राह्यली, थेच काम तिच्या डोक्यावर दुप्पट झालं." मला यंत्राने हरवलेलं आवडत नाही. शुक्रवारी मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन रेकॉर्ड रूममध्येच बसले. दीड वाजला. आमचे शिपाई नामदेवभाऊ आत आले, भिंतीवरचा मेन स्विच त्यांनी खाली ओढला आणि निघाले. "मधल्या सुट्टीत दिवे-पंखे बंद करावेत" ही पाटी त्यांनीच रंगवलेली होती आणि तिचं पालन करणारे संपूर्ण कार्यालयात ते एकटे होते. सुट्टी संपल्यावर बाकीच्या खोल्यांचे स्विच ते वर करत. रेकॉर्ड रूमचा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, किंवा त्याआधी कुणी फाइल मागितली तरच, आणि आमच्याकडे जुनी फाइल महिन्यातून एकदा मागितली जायची.

"मॅडम, मी तं वीज वाचवून राह्यलो न," आम्ही दोघींनी गाठून विचारलं तेव्हा ते कसनुसे होऊन म्हणाले.

"नामदेवभाऊ, तुम्ही तीन डाव कोंबडी वाचवली," वत्सला म्हणाली. "थे बी मेल्यावर." आणि मग ती जी हसायला लागली ती पाणी प्यायला लागेपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात त्या स्विचवर एक कागद डकवलेला दिसला. "हे बटण बंद करू नये. आदेशावरून." आदेश कुणाचा, हे आमच्या ऑफिसात कुणीही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र ते जेवण इतकं सोपं झालं की मी स्वतः लिहून घेतलं. तळाला बटाटा, गाजर, वालाच्या शेंगा, असेल तर वांगं. भाज्या खालीच, कारण ताप खाली असतो. त्यावर उभा चिरलेला कांदा. वर आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि रविवारी भाजून वाटून ठेवलेला खोबऱ्या-खसखशीचा मसाला चोळलेली कोंबडी. पाणी अर्धी वाटी, त्याहून थेंबभरही नाही, भाज्यांचं आपोआप सुटतं. तेल नावाला. आणि झाकण उघडायचं नाही. तिखटाचा झणका उठत नाही, तर्री वर येत नाही, हे खरं; पण मांस हाडावरून चमच्याने निघतं आणि बटाट्याला जी चव लागते ती सांगता येत नाही. सासूबाईंचं मत वेगळं होतं. "याले रस्सा म्हणते काय? गिचका आहे हा. कोंबडीत गाजर टाकते कोणी? अन् पोरीच्या हाताले चव कवा येईन, तिले चुलीजवळ येऊच नाई देत तं?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वत्सला रोज सकाळी मला त्यांचा अभिप्राय शब्दशः ऐकवायची, मला आणि सगळ्या मजल्याला. तिकडे प्राची साडेपाचला पुस्तकापाशी बसून राहायला शिकत होती. ते सोपं नव्हतं म्हणे. सुरुवातीला पाय आपोआप उठायचे.

असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. प्राचीच्या बारावीच्या परीक्षेला तीन महिने उरले होते, तेव्हा एके दिवशी नामदेवभाऊ रजेवर होते आणि साहेब स्वतःच फाइल शोधायला रेकॉर्ड रूममध्ये आले. साहेब व्यापारी घराण्यातले, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. आम्ही दोघी तिथेच होतो. साहेबांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि कौतुकाने म्हणाले, "काय सुंदर वास येतोय! कसली भाजी आहे?"

"बटाटा आहे साहेब, गाजर आहे, वालाच्या शेंगा आहे..." वत्सला म्हणाली. मला वाटलं, इथे थांबेल. "अन् कोंबडी आहे."

साहेब दोन पावलं मागे सरले ते थेट रॅकला टेकले आणि वरून कुठल्याशा जुन्या वर्षाचा गठ्ठा धुळीसकट खाली आला. त्यांनी चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाले, "या खोलीत सगळा कागद आहे. एक ठिणगी पडली तर?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "उद्यापासून हे इथे नको," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "रोज घरी नेता?" "हाव साहेब. पोट्टी बारावीले आहे. तिनं अभ्यास करावा म्हणून." साहेब "बरं" म्हणाले आणि गेले. लेखी काही दिलं नाही. आमच्या खात्यात याला मोठी माया म्हणतात.

त्या संध्याकाळी बसस्थानकाच्या बाकावर वत्सला बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "तीन महिने राह्यले मंदाताई. काठावर आणून सोडून देऊ काय पोट्टीले?" मी म्हटलं, रडगाणं नको, हिशेबाने बोल. तुझी बस माझ्या घरावरून जाते. नालवाडीत वीज आहे. सुधाकर निवृत्त झाला आहे आणि एकच पेपर तीनदा वाचतो.

"सुधाकरभाऊ? त्यायले चहा तरी येते का?"

"नाही. पण स्वयंपाक भांड्याला येतो. त्याला फक्त झाकण न उघडणं यायला हवं."

तेच त्याला येईना. सकाळी मी सगळं भरून, बटण फिरवून निघायचे, आणि अकरा वाजता वत्सलाचा मोबाइल वाजायचा. "वत्सलाताई, बटाटा वर येऊन राह्यला. दाबू का?" झाकण उघडलं की वाफ जाते आणि शिजायला अर्धा तास वाढतो, हे तिने त्याला चारदा समजावलं. पाचव्यांदा म्हणाली, "भाऊ, आता हात लावला तं मी साहेबाले सांगून घरी येईन अन् तुमालेच आत टाकीन." नोकरीभर माणसांवर हुकूम चालवलेला माझा नवरा त्या दिवसापासून झाकणावर शब्दकोश ठेवून बसू लागला.

पण खरी मौज पुढे होती. बस पावणेसहानंतर पाच मिनिटांनी नालवाडीच्या थांब्यावर यायची. वत्सला उतरली असती तर केळझरची पुढची बस तासाने. म्हणून ठरलं असं की तिने डावीकडे खिडकीशी बसायचं आणि सुधाकरने जुन्या स्वेटरात गुंडाळलेला डबा पिशवीसकट खिडकीतून आत द्यायचा. पहिल्याच दिवशी सेलूपर्यंतच जाणारी एक बस आधी आली, निळ्या साडीतली बाई खिडकीशी दिसली, याने पिशवी आत दिली, बाईने हसून घेतली, बस गेली. दोन मिनिटांनी दुसरी बस आली आणि तिच्या खिडकीतून वत्सला ओरडली, "भाऊ, डबा?" त्यानंतर बस सुटली तरी सुधाकर तिच्याबरोबर धावत काय झालं ते सांगत होता.

झालं होतं ते असं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून पिशवी आत आली तर तिचा अर्थ एकच, जागा धरा. त्या बाईंनी इमानाने जागा धरली होती. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून त्या थेट सेलूपर्यंत प्रत्येकाला "माणूस येऊन राह्यला" असं सांगत गेल्या. केळझरला त्या संध्याकाळी सगळ्यांनी पोळी, दही आणि जवसाची चटणी खाल्ली. प्राची उठू लागली तशी वत्सलाने तिला खांदे धरून खाली बसवलं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच बस थांबली, त्याच बाईंनी खिडकीतून घासलेला डबा बाहेर दिला आणि सुधाकरला झापलं, "काऊन हो भाऊ, मी जागा धरून राह्यली अन् तुम्ही चढलेच नाई! अन् मीठ थोडं कमी होतं." वत्सलाने हे ऐकलं आणि पुढचा आठवडाभर ती माझ्या नवऱ्याला पाहिलं की खिडकीतूनच हसत जायची. ड्रायव्हरला पुढे सगळं कळलं. बुधवार-शुक्रवार तो अंमळ जास्त थांबायचा आणि कंडक्टर विचारायचा, "मॅडम, आज वांगं आहे काय?"

तीन महिने एकही डबा चुकला नाही. प्राची पास झाली, चांगल्या गुणांनी, आणि नागपूरला औषधनिर्माणशास्त्राला गेली. निकालाच्या दिवशी वत्सलाने ऑफिसात पेढे वाटले आणि साहेबांना पेढा देताना म्हणाली, "शाकाहारी आहे साहेब." ते मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना आम्ही तेव्हाच पाहिलं.

मला वाटलं आता डबा बंद होईल. वत्सला म्हणाली, नाही, चालू दे. घरी पोचलं की जेवण तयार, हातात वेळ. "त्या वेळात करतेस काय?" मी विचारलं.

"बसते."

"नुसती?"

"हाव. ओट्यावर. तू बी बसून पाह्य एकडाव. मस्त राह्यते."

मी काही बसून पाहिलं नाही. मला जमणार नाही हे तिलाही माहीत होतं. शेवटची भेट म्हणाल तर शुक्रवारचीच. साडेपाचला आम्ही दोघी ऑफिसातून निघालो, ती बसकडे गेली, मी माझ्या स्कूटरने भाजी घेत घरी. सुधाकरने डबा दिला तेव्हा ती त्याला म्हणाली, आज मीठ पाहून घेतलं ना भाऊ... बस निघाली. रविवारी फोन आला.

तेरावं झालं त्या संध्याकाळी आम्ही केळझरलाच होतो. दोन दिवसांनी प्राचीचा पेपर होता. पोरगी भिंतीला टेकून पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. वाचत होती की नुसतं धरलं होतं, देव जाणे. सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. घर पाहुण्यांचं. दिवस कलला तशी तळेगावहून आलेली दिगंबरभाऊंची मावसबहीण, विमलबाई, प्राचीजवळ येऊन मायेनेच म्हणाली, "प्राचे, ऊठ वो बाई. वरणभाताचं पाह्य. आता तुलेच पाहा लागते घर." त्यात चुकीचं कुणाला काही वाटलं नसावं. प्राचीने पुस्तक मिटलं आणि एक हात जमिनीला टेकला. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी परकी बाई, पण बोलणार होते.

खाट करकरली. सासूबाई उठून बसल्या होत्या.

"बस वो तू," त्या नातीला म्हणाल्या. मग विमलबाईंकडे वळल्या. "आमच्या घरी पोरगी साडेपाचले उठत नाई. तशी पद्धत नाई आमची. तुले भूक लागली असन तं कांदे तठी टोपलीत आहे."

विमलबाईंनी पदर खोचला. दिगंबरभाऊ कोपऱ्यातून उठले, बटाटे घेऊन त्यांच्यासमोर विळीवर बसले आणि साल काढावी की नाही हे कुणाला विचारावं ते न कळून आईकडे पाहू लागले. "राहू दे साल," सासूबाई म्हणाल्या.

प्राचीने पान उलटलं.